कुरकुऱ्या रांजणाची दुष्काळी आवृत्ती

पंडित ओव्हाळांच्या घरात त्या साली पाणी साठवायला जागा उरली नव्हती, कारण जागा रांजणांनी अडवली होती. रांजण कागदाचे होते. 'कुरकुऱ्या रांजण' नावाचं मुलांचं एक जुनं पुस्तक आहे. त्याच्या जेवढ्या आवृत्त्या निघाल्या तेवढ्या मिळवायच्या, हा पंडितांचा छंद. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते. दिवसभर पगारी पुस्तकं सांभाळायची आणि घरी येऊन बिनपगारी. लोखंडी कपाटात कडुलिंबाचा वाळका पाला अंथरून, एकेक आवृत्ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ठेवली होती.

पाऊस त्या साली पोळ्याआधीच परत गेला होता. नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी यायचं आणि ते ड्रम, कळशी, बादली, कुकर, ज्याचं तोंड उघडं दिसेल त्यात भरून ठेवावं लागायचं. वत्सलाबाईंचा डोळा त्या कपाटावर होता.

"लोकायच्या घरात पान्याचे ड्रम हायती," त्या म्हणायच्या. "आपल्या घरात पान्याच्या गोष्टी."

पंडित कपाटाची किल्ली खिशात आहे ना ते चाचपून बघत. त्यांना बोलायचं असे ते सगळं गावातल्या जुन्या शाळासोबत्याबद्दल, सर्जेरावाबद्दल, आणि ते वत्सलाबाईंनी लग्नापासून ऐकलेलं होतं. तसं बघितलं तर पंडितांना छंद दोन होते. एक रांजण आणि दुसरा सर्जेराव.

पुस्तकाची गोष्ट साधी होती. चावडीपुढं एक रांजण असतो. पाणी पिणाऱ्या प्रत्येकावर तो कुरकुर करतो. हा सांडतो, त्याचे हात मळके, तिच्या तांब्याला पोचे. मग एका उन्हाळ्यात रांजण कोरडा पडतो, कुणी फिरकत नाही, आणि त्याला सगळ्यांच्या हातांची आठवण यायला लागते. शेवटी पाऊस येतो. पुण्याकडच्या कुणा मास्तरांनी स्वातंत्र्याच्या आधी लिहिलेली गोष्ट. ती पंडितांना विशेष आवडायची असंही नाही. त्यांचा जीव अडकला होता सतराव्या पानावर.

सतराव्या पानावर चित्र होतं. रांजणाभोवती पोरांची झुंबड, आणि लांब एका कडेला घागर घेतलेली एक मुलगी उभी. गोष्टीत ती मुलगी कुठंच येत नाही. तिला नाव नाही, तिच्यावर रांजण कुरकुरसुद्धा करत नाही. चित्रकारानं बाजारात नाहीतर गावात जे बघितलं असेल ते काढलं आणि लेखकानं ते बघितलं नसेल, एवढंच. पहिल्या आवृत्तीत ती स्पष्ट दिसते. दुसरीत छपाईचा तोच ठसा झिजलेला, त्यामुळं तिचा चेहरा गेला आणि घागर राहिली. चौथ्या आवृत्तीत तिच्या जागी लिंबाचं झाड आलं. पाचवीत झाडाखाली कुत्रं आलं. पुढं कुणीतरी रंग भरले तेव्हा कुत्रं पांढरं झालं. अगदी अलीकडच्या गुळगुळीत आवृत्तीत शहरातल्या पोरांना रांजण कळत नाही म्हणून निळा प्लास्टिकचा जार काढलाय आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे.

राहिली तिसरी आवृत्ती. ती पंडितांकडं नव्हती. ती कुणाकडंच नव्हती.

तिसरी आवृत्ती बहात्तरच्या दुष्काळातली. तेव्हा आपल्याकडं सहकाराचा असा जोर होता की ज्याची म्हणून सोसायटी काढता येईल त्याची काढून झाली होती. शेवटी छापखान्याचीही निघाली. चेअरमन होते रामहरी आबा, म्हणजे सर्जेरावाचे वडील. पंडितांच्या गावच्या सोसायटीचे चेअरमनही तेच. दुष्काळात पोरांना वाचायला काहीतरी द्यावं असं वरून आलं, आणि सहकारी छापखान्यानं हे पुस्तक छापून गावोगावच्या सोसायट्यांमार्फत शाळांना वाटलं. कागद उसाच्या चोथ्याचा. वाळवीनं तो आवडीनं खाल्ला, त्यामुळं प्रती उरल्या नाहीत. गोष्टीचा शेवटही आबांनी जरा सुधारून घेतला होता. पावसाऐवजी सोसायटीचा टँकर येतो आणि रांजण सभासद होतो.

पंडितांनी ही आवृत्ती आयुष्यात एकदाच पाहिली होती. घाटनांदूरच्या पल्याडच्या त्यांच्या गावात, चौथीच्या वर्गात. आई, भिवराबाई, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि शाळेत सुकडी मिळायची म्हणून पोरगं शाळेत जायचं. गुरुजी चांगले होते. शाळेच्या रांजणाला पंडितचा हात लागू नये म्हणून ते स्वतः उठून यायचे आणि तांब्यानं वरून ओतायचे, ओंजळ भरेपर्यंत. त्या उन्हाळ्यात रांजणच कोरडा पडला आणि मग कुणाचाच हात लागेना. वर्गात समता आली ती अशी.

पुस्तक शनिवारी फिरायचं. पुढच्या रांगेपासून सुरू होऊन दाराशी बसलेल्या पंडितकडं सगळ्यात शेवटी यायचं, आणि बहुधा त्याआधीच घंटा व्हायची. एकाच शनिवारी ते हातात आलं, आणि सतराव्या पानावर पंडितनं बघितलं की मुलीनं हात लांब करून थेट रांजणात घातलाय. सगळ्या पोरांच्या डोक्यांवरून. घंटा झाली, पुस्तक गेलं. पुढच्या शनिवारी ते आलंच नाही.

या एका चित्रासाठी पंडितांनी पुढं पुस्तकं जमवायला घेतली. रद्दीची दुकानं, पुण्याचे फूटपाथ, मेलेल्या मास्तरांची घरं. मराठीत एका तरी छापील पुस्तकात त्या मुलीला पाणी मिळालं होतं, आणि ते आपल्या जिल्ह्यात, दुष्काळात मिळालं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांनी लेख लिहिला आणि अंबाजोगाईत भाषण ठेवलं. विषय होता 'एका चित्राचा प्रवास'. प्रमुख पाहुणा सर्जेराव, कारण जिथं माईक असे तिथं तोच प्रमुख पाहुणा असे. आबांच्या मागं गावच्या सोसायटीची चेअरमनकी त्याच्याकडं आली होती आणि ती उतरायचं नाव घेत नव्हती.

सर्जेरावानं भाषण शांतपणे ऐकलं. मग माईक घेतला.

"मी आन् पंडितराव एका वर्गातले," तो म्हणाला. "ते पुस्तक मी पन पाह्यलंय. आमच्या आबाच्याच प्रेसचं. ती पोरगी व्हती तिथंच उभी व्हती. पंडितरावाला त्या दिवशी तहान लागलेली असन."

लोक हसले. तेवढ्यात चहा आला. पुण्याच्या मासिकानं लेख परत पाठवला. तिसरी आवृत्ती प्रत्यक्ष बघितल्याशिवाय छापता येणार नाही, असं त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं. म्हणजे पंडित खोटं बोलतात, हे त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं.

त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत पंडित सर्जेरावाच्या घरच्या एका लग्नाला आणि एका मयतीला गेले नव्हते, आणि दोन्हीकडं आपण आलो नाही हे त्याला कळेल अशी व्यवस्था त्यांनी केली होती.

आणि मग सोसायटीचा सेक्रेटरी सटवा बोलून गेला. आईची नाल्याकाठची कोरडवाहू पट्टी पंडितांच्या नावावर होती आणि तिच्यासोबत सोसायटीचं सभासदत्वही आलं होतं. त्या पट्टीच्या कसल्याशा दाखल्यासाठी ते गावात गेले, तर सटवा कपाटात डोकं घालून कागद हुडकत होता. आतूनच म्हणाला, "तुमचं त्ये रांजनाचं पुस्तक पन हितंच हाय की, पंडितराव. आबाच्या फोटोवालं. आबाच्या टायमापून कपाटात पडलंय."

पंडितांनी कपाटाकडं बघितलं. सटवानं तोवर ते बंद करून किल्ली खिशात टाकली होती.

सर्जेराव चारा छावणीवर होता. शेडनेटखाली खाटेवर बसून, तीनचारशे जनावरांच्या मधोमध, तो टँकरवाल्याला फोनवर झापत होता. पंडितांना बघून त्यानं फोन ठेवला.

"रामराम, पंडितराव."

"जयभीम."

"कावून आलात एवढ्या उन्हात?"

"सोसायटीच्या कपाटात एक पुस्तक आहे. ते बघायचंय."

"कोनतं?"

"तुला माहीत आहे कोणतं."

सर्जेरावानं डबीतली तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, निवांत मळली. "संस्थेची मालमत्ता हाय ती. अशी कुनालाबी दाखवता येत न्हाई."

"सार्वजनिक संस्था आहे."

"म्हनून तर. माझी असती तर दिली असती."

"फाटलंय का? वाळवी लागलीय?"

"बिलकुल न्हाई. नव्यावानी हाय."

"मग अडचण काय?"

"अडचन तू," सर्जेराव म्हणाला. इथं ऐकायला जनावरांशिवाय कुणी नव्हतं, म्हणून तो अहोजाहोवरून उतरला. "दुसऱ्या कुनी मागितलं असतं तर म्हनलं असतं, ने बाबा, कपाटाची घान गेली. तुला पाह्यजे म्हनून न्हाई."

"भीती वाटते तुला."

"कशाची बे? पोरगी उभीच हाय त्यात."

"मग दाखव."

"उन्हं लई झाली," सर्जेराव म्हणाला आणि त्यानं पुन्हा टँकरवाल्याला फोन लावला. पंडित निघाले तेव्हा एका म्हशीनं त्यांच्याकडं बघितलं. तीही सर्जेरावाच्या पॅनलची असावी असं त्यांना वाटलं.

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटी असते. ती कशी चालते हे ठाऊक नसलेला माणूस आपल्याकडं सापडायचा नाही. सेक्रेटरी विषय वाचतो. वाचतो म्हणजे आरतीसारखी एक लय धरतो, त्यात शब्द कुठं संपतात ते कळत नाही, फक्त शेवटी आवाज खाली पडतो. आवाज खाली पडला की चेअरमन म्हणतो 'मंजूर'. चेअरमन म्हणाला की सभा म्हणते 'मंजूर'. ऐकण्याचं काम कुणाकडंच नसतं. बाहेर बुंदीचा वास सुटलेला असतो आणि विषय त्या वासावर पटापट पुढं सरकतात. सभासदाला स्वतःचा एखादा विषय घालायचा असेल तर आठ दिवस आधी तसा अर्ज द्यायची सोय आहे. सोसायटी झाल्यापासून या सोयीचा फायदा कुणी घेतला नव्हता.

पंडितांनी घेतला. 'डेडस्टॉकमधील निरुपयोगी पुस्तके मागणी करणाऱ्या सभासदास कायम देणे.'

सटवानं अर्ज वाचून डोकं खाजवलं. त्यालाही कपाट रिकामं हवं होतं. छावणीच्या पावत्या ठेवायला जागा नव्हती आणि त्या तो घरी गादीखाली घालत होता, तर बायको बोलत होती.

"घालतो की आठव्या नंबरला," तो म्हणाला. "कोन ऐकतंय."

सभा खताच्या गोदामात भरली. त्या साली खत कुणी उचललं नव्हतं, पण युरियाचा वास भिंतीत मुरलेला होता. भिंतीवर रामहरी आबांचा फोटो, त्याला प्लास्टिकचा हार. पाण्याच्या टंचाईमुळं जेवण रद्द होतं. चहा आणि पाण्याचं एकेक पाउच. त्यामुळं मंजूरचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता, पण येत होता. निम्म्या लोकांचं चित्त ऊसतोडीच्या मुकादमाकडं लागलेलं. दसऱ्यानंतर कोयता कुठल्या कारखान्यावर जाणार, याच्याच गोष्टी मागं चालल्या होत्या. पंडित मधल्या रांगेत हातांची घडी घालून बसले होते.

सटवा सातव्या विषयातून आठव्यात शिरला. कुठं शिरला ते सटवालाच माहीत. सर्जेराव स्टेजवर फोन कानाला लावून टँकर कुठवर आलाय ते विचारत होता. सटवाचा आवाज खाली पडला.

"मंजूर," सर्जेराव फोनमध्येच म्हणाला.

"मंजूर," सभा म्हणाली.

पलीकडून टँकरवाल्यानंही काहीतरी मंजूर केलं असावं, कारण टँकर त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडित ठरावाची नक्कल घेऊन सोसायटीच्या ऑफिसात बसले, आणि अर्ध्या तासात सर्जेरावाची जीप बाहेर थांबली.

"कुनी घातला हा इषय?" त्यानं आत येता येता विचारलं.

"सूचक पंडितराव," सटवा उठून उभा राहिला. "अनुमोदक तुमी."

"मी?"

"जिथं कुनी नसतंय तिथं तुमीच असता, साहेब. पहिल्यापून तशीच पद्धत हाय."

सर्जेराव खुर्चीत बसला. मग त्यानं खिशातून स्वतःची किल्ली काढली आणि कपाट स्वतः उघडलं. सटवाला उघडू दिलं नाही. पुस्तक खालच्या कप्प्यात होतं, आबांच्या पागोट्याच्या डब्याशेजारी. त्यानं ते टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं. कागदाचे चार कण उडाले.

पंडितांनी खिशातून फडकं काढून हात पुसले. पहिल्याच पानावर रामहरी आबांचा पानभर फोटो होता. पुढं शीर्षकाच्या पानावर रांजणाचं चित्र, आबांच्या मिशीपेक्षा लहान. कागद चहासारखा तपकिरी झालेला. सगळ्या पुस्तकातच शाई पसरलेली, अक्षरांना लव फुटल्यासारखी. पंडितांनी पानं उलटली. सर्जेराव आपल्याकडं बघतोय, याचा त्यांना त्याही क्षणी राग आला.

सतरावं पान.

हात होता. मुलीच्या खांद्यातून निघून तीन पोरांच्या डोक्यांवरून तो रांजणाच्या तोंडात गेलेला. ऊस आडवा धरावा तसा सरळसोट. पंडितांनी एक श्वास आत घेतला आणि तो सोडायच्या आधीच त्यांना कळलं. आयुष्य पुस्तकांत गेलेल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. मुलगी नव्या केलेल्या ठशानं छापलेली होती. पहिल्या आवृत्तीतल्यासारखीच ती लांब उभी होती, दोन्ही हातांनी घागर धरून. हा तिसरा हात होता. तो शाईच्या टाकानं काढलेला होता, आणि त्याला बोटं सहा होती.

"बघितलं?" सर्जेराव म्हणाला. "छापलेली पोरगी कुठं हाय? मी काय खोटं बोललतो?"

पंडितांनी पान उजेडाकडं वळवलं. इतक्या वर्षांत त्यांनी अनेक गोष्टींची तयारी केली होती. पान फाटलेलं असेल, पुस्तक खोटं असेल, चित्र पुसट असेल. सर्जेराव खरं बोलत असेल याची तयारी केली नव्हती.

"हा हात कुणी काढला?"

सटवानं खोकून खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी," सर्जेराव म्हणाला.

"तू?"

"पुस्तक तुज्या आधी माज्याकडं यायचं. पोरगी बघितली. घागर हाय, तोंड सुकलंय, म्होरं रांजन हाय, आन् हात काय पोचंना. म्हनलं, चित्र काढनारा चुकला. दुरुस्त केलं बे. दुसरं काय."

"सहा बोटं काढलीस."

"चौथीत व्हतो."

"मग?"

"मग गुरुजीनं आबाला दाखवलं. आबानं हितंच, ह्याच कपाटाम्होरं, कानाखाली काढली. म्हनला, प्रेस आपला, फोटो आपला, आन् तू असले उद्योग करतू. पुस्तक आत टाकलं, कुलूप घातलं." सर्जेरावानं कपाटाचं दार लोटलं. ते कुरकुरलं. "तवा कळलं मला. चित्र चुकलेलं न्हाई म्हनून."

पंडितांनी पुस्तक मिटलं.

"हे तेव्हाच सांगायचं होतं. भाषणात."

"काय सांगायचं? आबानं मारलं म्हनून? फोटोला हार घातलेला हाय त्याच्या." सर्जेराव उठला. "घे तुजं पुस्तक आन् चालता हो. ठराव झालाय, इलाज न्हाई. पन कुठं बोललास तर याद राख."

पंडित पुस्तक घेऊन एस्टीनं अंबाजोगाईला आले. सर्जेरावाचा द्वेष करणं हे त्यांचं इतक्या वर्षांचं व्यवस्थित लावलेलं कपाट होतं. त्यात आता एक वस्तू अशी आली होती की ती कुठल्याच फळीवर बसेना.

दिवाळी झाली आणि सर्जेरावाचा फोन आला.

"जयभीम, पंडितराव."

सर्जेराव आधी जयभीम म्हणाला, तेव्हाच पंडितांना कळलं की सोसायटीची निवडणूक लागलीय.

"ते पान दाखवा लोकायला," सर्जेराव म्हणाला. "तुमचं त्ये प्रदर्शन भरनार हाय म्हनं ना लायब्ररीत? तिथं ठेवा. माज्या नावानिशी ठेवा. फ्लेक्सचा खर्च मी करतो. आमच्या भारतनं मजकूर पन काढलाय, 'समतेचा हात' म्हनून."

भारत म्हणजे त्याचा पुतण्या. प्रचार तोच बघायचा.

"तू तर कुठं बोलू नको म्हणालास."

"तवा इचार केला न्हवता. तुमच्या वस्तीतली मतं हायती, पंडितराव. आन् खोटं तर काय न्हाई ना? काढलाय ना मी हात? आबानं मारलं ते जरा वगळा."

पंडितांनी फोन ठेवला आणि तिसरी आवृत्ती फडक्यातून काढून टेबलावर ठेवली. वत्सलाबाई ड्रममधलं पाणी कपड्यानं गाळून घागरीत भरत होत्या. त्यांना सगळं सांगून झालेलं होतं.

"मी हे दाखवत नाही," पंडित म्हणाले. "मरेपर्यंत नाही. त्याला मतं मिळवून द्यायला मी रद्दीत आयुष्य घातलं?"

"नका दाखवू."

"मग मी खोटारडाच राहतो."

"ऱ्हा की."

"आणि दाखवलं तर तो थोर होतो."

"दाखवलं तर तो मोठा, न्हाई दाखवलं तर तुमी खोटे," वत्सलाबाई कपडा पिळत म्हणाल्या. "तुमाला कोनतं जास्त झोंबतंय तेवढं बघा, आन् मला ते कपाट कधी रिकामं व्हनार ते सांगा."

पंडितांना तिसरा मार्ग दिसत होता. टाकाची शाई उडवणारं औषध कॉलेजच्या लायब्ररीत होतं. कापसाचा बोळा घेतला, हलक्या हातानं फिरवला, की मुलगी पुन्हा घागर धरून गुमान उभी. आवृत्ती शुद्ध. सर्जेराव साफ. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाटली घरी आणलीही. बूच काढलं. मग त्यांच्या लक्षात आलं की हे काम रामहरी आबांना फार आवडलं असतं. त्यांनी बूच लावलं आणि कार्ड लिहायला घेतलं.

प्रदर्शन नोव्हेंबरात, शाळेच्या पोरांसाठी म्हणून भरलं. लायब्ररीच्या हॉलमध्ये लांब टेबलावर बाराही आवृत्त्या सतराव्या पानावर उघडून काचेखाली ठेवलेल्या. मुलगी, चेहरा गेलेली मुलगी, सहा बोटांचा हात, मग झाड, कुत्रं, पांढरं कुत्रं, जार. प्रत्येकीपुढं पंडितांच्या सुवाच्य अक्षरातलं कार्ड.

सर्जेराव अकराच्या सुमारास आला. दोन जीप भरून सभासद, फोटोग्राफर, फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारलेला भारत, आणि मागून सटवा. सर्जेरावानं पांढरेशुभ्र कपडे घातले होते. हॉलच्या पाण्याच्या पिंपावर 'पाणी जपून वापरा' असं लिहिलेलं होतं आणि त्यात पाणी नव्हतं.

"कुठंय माझा हात?" त्यानं विचारलं.

पंडितांनी बोट दाखवलं. फोटोग्राफर कोन लावायला लागला. सर्जेराव काचेशेजारी उभा राहिला, केस सारखे केले, डावीकडून घे, असं काहीतरी त्याला सांगायला लागला. सभासद मागं रांगेनं उभे राहिले, गोदामात राहतात तसेच. "सटवा," सर्जेराव मान न वळवता म्हणाला, "काय लिहिलंय ते वाच मोठ्यानं. सगळ्यायला ऐकू दे."

सटवानं चष्मा लावला. त्याला वाचायची एकच पद्धत येत होती. त्यानं लय धरली.

"तिसरी आवृत्ती दुष्काळी छापील चित्रात मुलगी लांबच उभी आहे याआधी प्रस्तुत संग्राहकाने जाहीरपणे जे सांगितले ते चूक होते शाईचा हात श्री सर्जेराव रामहरी यांनी इयत्ता चौथीत असताना काढला व त्याबद्दल वडिलांचा मार खाल्ला त्यानंतर आजपर्यंत त्यांनी असा हात अन्यत्र कोठेही पुढे केल्याचे आढळत नाही."

त्याचा आवाज खाली पडला.

"मंजूर," सर्जेराव कॅमेऱ्याकडं बघत म्हणाला.

"मंजूर," दोन जीप सभासद म्हणाले.

फोटो निघाला. मग हॉलच्या कोपऱ्यातून वत्सलाबाई खुदकन हसल्या, भारतचं तोंड उतरलं, आणि सर्जेरावानं मान वळवून कार्ड पहिल्यांदा स्वतः वाचलं. त्याला वाचायला वेळ लागला. दोनदा वाचलं असावं.

"शेवटचं वाक्य काढ बे," तो हळू आवाजात म्हणाला.

"आता नाही काढता येत," पंडित म्हणाले. "सभेनं मंजूर केलंय. अनुमोदक तू आहेस."